मालवण की अंदमान? स्कूबाचे पॅकेज घेण्याआधी बोट पाहा

नवी पेठेत दिवाळी सहलींची चौकशी सुरू झाली, की स्कूबाचा विषय निघतोच. सोलापूरहून मालवण-तारकर्ली गाडीने गाठता येते. अंदमानचे पाणी जास्त नितळ. पण विमान, फेरी, मुक्काम हाच मोठा खर्च. पहिल्यांदा उतरणाऱ्याला मालवण पुरे.

सुरक्षेचे काय? 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका फक्त पाण्याखाली नसतो. दराआधी बोटीची क्षमता, लाइफ जॅकेट, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र विचारा. सर्दीने कान बंद असतील तर उतरूच नका.

डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह असल्यास 18 तास थांबावे लागते. अंदमानात त्यामुळे एक मुक्काम वाढू शकतो. आंबोली घाटही सुमारे 690 मीटर उंच. मालवणहून लगेच निघण्याची घाई नको.