वळणावर चाक कुरकुरते तेव्हा...

मोटार सरळ रस्त्यावर विनातक्रार धावत असते आणि वळण घेताच पुढच्या चाकाकडून खरखर ऐकू येते. पावसाळ्यात खड्डे आणि साचलेले पाणी यांतून गाडी न्यावी लागली की ही तक्रार विशेषकरून जाणवते. काचा वर करून आणि रेडिओचा आवाज वाढवून तिच्याकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ असतात. उलटपक्षी, मूळ कारण न शोधताच एकामागून एक भाग बदलून घेणारेही थोडे नसतात. दोन्ही मार्ग महागातच पडतात. वस्तुतः आवाज कोणत्या क्षणी, कोणत्या वेगाला आणि कोणत्या बाजूला वळताना येतो एवढे नीट टिपले, तर निम्मे निदान तेथेच होते.

वळताना काय घडते?

गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर सरकतो आणि डावीकडे वळताना उजव्या चाकांवर. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी या जुन्या मोटारींत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे जात असे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान मोटारी आपल्याकडे रूढ झाल्या. या गाड्यांत पुढच्या चाकांना ओढणे आणि वळणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. चाक तिरके झाले तरी ते एकसारख्या गतीने फिरत राहावे, यासाठी अ‍ॅक्सलच्या टोकांना ‘सीव्ही जॉइंट’ बसवलेले असतात.

टकटक : अ‍ॅक्सलचा सांधा

स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच लयीत टकटक ऐकू आली, तर प्रथम संशय बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर घ्यावा. या सांध्यातील पोलादी गोळ्या ग्रीसमध्ये फिरतात आणि त्यावर घडीदार रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, चिखल-पाणी आत शिरते आणि गोळ्यांच्या खोबणी झिजू लागतात. चाकाच्या आतल्या बाजूस काळे ग्रीस उडालेले दिसणे ही त्याची ठळक खूण. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल, तर सांधा साफ करून, नवे ग्रीस भरून केवळ बूट बदलल्याने काम भागते. टकटक सुरू झाल्यावर मात्र जॉइंट किंवा संपूर्ण अ‍ॅक्सल बदलावा लागतो.

घरघर : चाकाचे बेअरिंग

वेगाबरोबर वाढत जाणारी, विमानासारखी घुमणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. उजवीकडे वळताना ती वाढत असेल तर डाव्या बाजूचे आणि डावीकडे वळताना वाढत असेल तर उजव्या बाजूचे बेअरिंग आधी तपासावे, कारण वळताना भार त्याच बाजूवर येतो. झिजलेल्या टायरचा आवाजही पुष्कळदा असाच भासतो; पण तो रस्त्याच्या पृष्ठभागानुसार बदलतो. चाक उचलून वरखाली धरून हलवल्यास ढिलाई जाणवणे किंवा हाताने फिरवल्यास खरबरीतपणा लागणे, ही बेअरिंग संपल्याची लक्षणे होत. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून न बसवता प्रेसवर बसवून घ्यावे. ठोकल्याने नवा भागही लवकरच आवाज करू लागतो.

खरखर : ब्रेक, खडा की टायर?

धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येत असल्यास ब्रेककडे पाहावे. हलका ब्रेक दाबताच आवाज बदलत असेल तर संशय बळावतो. ब्रेक पॅडचा थर सुमारे ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत आणि तेही दोन्ही चाकांचे एकाच वेळी. थर पूर्ण संपल्यास पॅडची लोखंडी पट्टी डिस्क कोरते आणि थांबण्याचे अंतर वाढते. कधी कधी मात्र दोष क्षुल्लक असतो. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकतो किंवा पत्रा वाकून डिस्कला टेकतो. खडा काढला, पत्रा सरळ केला की खरखर थांबते. पूर्ण वळणावरच आवाज येत असेल, तर टायर चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासतो काय हेही पाहावे. मापापेक्षा मोठे टायर बसवलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते.

उभ्या गाडीत आवाज आल्यास

गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवल्यावर करकर किंवा ‘टण्ण’ असा आवाज आला, तर दोष शॉक अ‍ॅबसॉर्बरच्या वरच्या माउंटमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये असू शकतो. कण्हल्यासारखा सूर उमटल्यास हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी तपासावी. मात्र नुसते तेल भरून थांबू नये. गळती कोठे आहे तेही शोधावे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या बहुतेक गाड्यांत हे तेल नसते.

तपासणी करताना

मोकळ्या मैदानात काचा खाली करून, सावकाश एकदा उजवा आणि एकदा डावा फेरा मारावा. सोबत कोणी बसलेले असल्यास आवाजाची बाजू ठरवणे सोपे जाते. चाक उचलायचे असल्यास गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना अडसर द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये.

बॉल जॉइंट निखळल्यास चाक धावत्या गाडीखाली आडवे होऊ शकते. ढिले बेअरिंग अखेरीस जाम होते, तर तुटलेला सीव्ही जॉइंट गाडी भररस्त्यात अडकवतो. म्हणून ब्रेकची खरखर किंवा चाकाची ढिलाई लक्षात आल्यास लांबचा प्रवास टाळून प्रथम गॅरेज गाठावे. मेकॅनिकसमोर ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता ‘उजवीकडे वळताना, चाळीसच्या वेगाला, घरघर होते’ असे सांगावे. निदान अचूक होते आणि धडधाकट भागांवरचा खर्चही वाचतो.