श्रीवर्धनच्या खोल्यांचे आगाऊ गणित

श्रीवर्धनला मुक्कामाची सोय मोठ्या हॉटेलांपेक्षा नारळी-सुपारीच्या वाड्यांत बांधलेल्या घरगुती निवासांत अधिक होते, आणि अशा एका घराकडे भाड्याने देण्याजोग्या खोल्या बहुधा चार-सहाच असतात, एवढे लक्षात घेतले की आरक्षण किती आधी करावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते. दोघांना एक खोली हवी असेल तर हंगामातही आठवड्याच्या मधल्या वारी ती दोन-चार दिवस आधी, क्वचित आदल्या संध्याकाळीही मिळून जाते. परंतु मुंबई-पुण्याकडून टेम्पो ट्रॅव्हलर करून निघणाऱ्या पंधरा जणांच्या गोतावळ्याला एकाच वाडीत चार खोल्या हव्या असतात, म्हणजे जवळजवळ अख्खे घरच हवे असते, आणि त्या घरातली एखादी खोली दुसऱ्या कोणी आधीच धरलेली असली तरी त्यांचा सगळा बेत फिसकटतो. त्यामुळे तारखेइतकाच, किंबहुना तारखेहूनही, खोल्यांचा आकडा निर्णायक ठरतो, आणि ‘तीन महिने आधी आरक्षण करा’ हा सरसकट सल्ला या किनाऱ्यावर एका प्रवाशाला अनावश्यक, तर दुसऱ्याला अपुरा पडतो.

आरक्षणाची रीत पाहिली तर तीत दोन पायऱ्या दिसतात. फोनवर चौकशी झाली की घरमालक, आणि बहुतेक वेळा घरमालकीण, वहीत त्या तारखेपुढे नाव व माणसांचा आकडा टिपून ठेवते. ही झाली ‘विचारून ठेवलेली’ खोली. ठरलेल्या भाड्याचा काही भाग अ‍ॅडव्हान्स म्हणून जमा झाला की ती ‘पक्की’ होते, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणी पैसे पाठवले तर पहिल्याचा हक्क उरत नाही. याच खोल्या काही वेळा आरक्षणाच्या संकेतस्थळांवरही लावलेल्या असतात, पण वही आणि संकेतस्थळ यांचा मेळ रोजच्या रोज घातला जातोच असे नाही, म्हणून संकेतस्थळावर रिकामी दिसणारी खोली वहीत भरलेली निघू शकते, आणि एक फोन करणे हे त्यावरचे साधे, जुने आणि अजूनही सर्वांत खात्रीचे साधन आहे. अ‍ॅडव्हान्सचा आग्रह का धरला जातो हे समजून घ्यायला ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ आठवावे लागते. त्यात सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नव्याने लावलेली सुपारी फळाला यायला पाच-सहा वर्षे तरी लागत असल्याने, पूर्वी वाडीच्या उत्पन्नाला जोड म्हणून चालणाऱ्या खोल्यांवर अनेक घरांची भिस्त वाढली. अशा घरात ऐन शनिवारी रिकामी राहिलेली खोली परवडत नाही.

कोणत्या तारखांना घाई करावी हे दिनदर्शिकेवरून वर्षाच्या आरंभीच कळते. सार्वजनिक सुटी शुक्रवारी किंवा सोमवारी आली की सलग तीन दिवस हाती लागतात. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी, तर १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस शुक्रवारी येतात. अशा जोडसुट्या, दिवाळीची सुटी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांसाठी गटाने येणाऱ्यांनी दोन-तीन महिन्यांची सवड ठेवणे योग्य. गणपती आणि शिमगा यांचे गणित मात्र वेगळे असते, कारण त्या दिवसांत चाकरमानी, म्हणजे नोकरीधंद्यासाठी शहरात गेलेली घरचीच माणसे, परत येतात आणि खोल्या त्यांनीच भरतात. त्या काळात कितीही आधी विचारले तरी नकार येऊ शकतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

रेल्वेने येणाऱ्याला आणखी एक मर्यादा पाळावी लागते. श्रीवर्धनला रेल्वे नाही. कोकण रेल्वेवरील माणगाव येथे उतरून म्हसळामार्गे एसटीने किंवा खासगी वाहनाने यावे लागते. रेल्वेचा आगाऊ आरक्षण कालावधी, म्हणजे प्रवासाच्या जास्तीत जास्त किती दिवस आधी तिकीट काढता येते ती मुदत, १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. परिणामी तीन महिने आधी खोली पक्की करणाऱ्याच्या हाती त्या वेळी गाडीचे तिकीट असूच शकत नाही, आणि खोलीचा अ‍ॅडव्हान्स किती दिवस आधी कळवल्यास परत मिळतो हे त्याने पहिल्याच फोनवर विचारून घ्यायला हवे.

सहलींकडे वळले की घाई कुठे उपयोगी पडते आणि कुठे व्यर्थ जाते हे अधिक स्पष्ट होते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, म्हणजे मंदिरामागच्या खडकांतून समुद्राला लागून जाणारी वाट, ओहोटी असतानाच करता येते, आणि ओहोटी कधी हे कित्येक महिने आधी सांगता येते. कोकणात त्यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी येते. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, तर ओहोटी दहाच्या आसपास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराला, आणि तीही महिन्यातल्या मोठ्या भरत्यांपैकी. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून प्रत्यक्ष वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे आवश्यकच आहे, कारण या खडकांवर लाटेने माणसे ओढून नेल्याचे अपघात घडलेले आहेत. परंतु खोलीची तारीख ठरवण्यापुरते भिंतीवरचे कालनिर्णय पुरेसे ठरते. प्रवासी सुटीचे लाल आकडे पाहतात आणि त्याच चौकटीतली तिथी पाहत नाहीत, हे नवलच म्हणायचे.

याउलट वेळासच्या कासवांना तारीख विचारता येत नाही. बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात असलेल्या या गावी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी कुंपण घातलेल्या संरक्षित जागेत ठेवली जातात आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मादी किनाऱ्यावर कधी आली आणि वाळू किती तापली यावर दिवस ठरतो. म्हणून साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात श्रीवर्धनचा मुक्काम आधी धरून, वेळासची फेरी मात्र घरट्यांची ताजी माहिती मिळाल्यावर आखावी. तिकडे जाण्यासाठी बागमांडला-वेश्वी जंगलजेट्टी, म्हणजे वाहने आणि माणसे एकत्र नेणारी सपाट तळाची फेरीबोट, वापरली जाते. सुटीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते आणि महिनाभर आधीच्या नियोजनापेक्षा सकाळी लवकर निघणे कामी येते. दिघीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांचेही तसेच. वारा आणि समुद्राची स्थिती पाहून त्या सुटतात, आणि पावसाळ्यात बंद राहतात.

जेवणाला एक दिवसाची सूचना लागते. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. मासळी बाजारात जी येईल ती, आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने ताज्या सुरमईची अपेक्षा तेव्हा धरू नये. त्या महिन्यांत खोल्याही मुबलक रिकाम्या असतात आणि भाडेही उतरलेले असते, त्यामुळे पाऊस पाहायला येणाऱ्या प्रवाशाला निघण्यापूर्वी कळवावे लागते ते इतकेच, की रात्री जेवायला किती माणसे आहेत.