आज्ञार्थाचे वजन : वयात येणाऱ्या कुत्र्याच्या अवज्ञेविषयी

आज्ञार्थाचा विचार व्याकरणात बहुधा बोलणाऱ्याच्या अंगाने केला जातो. धातूचे रूप कोणते, पुरुष व वचन कोणते, एकेरी की आदरार्थी, आज्ञा की विनंती की प्रार्थना, एवढे सांगितले की वैयाकरणाचे काम संपते. ऐकणाऱ्याने ती आज्ञा पाळली किंवा कसे, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो, आणि तो तसा मानणे योग्यही आहे. परंतु ज्या श्रोत्यापाशी उत्तर देण्यासाठी भाषाच नाही, त्याला आज्ञा कळली की नाही हे ठरविण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे त्याचे वर्तन. घरात पाळलेला कुत्रा हा असा श्रोता होय. हा श्रोता वयाच्या आठव्या महिन्याच्या सुमारास, कालपरवापर्यंत निमूटपणे मानलेला शब्द एकाएकी मानीनासा होतो. अशा वेळी ‘त्याला शब्द कळेनासा झाला’ आणि ‘त्याने शब्द मानला नाही’ या दोहोंत भेद करणे हा केवळ तर्काचा खेळ राहत नाही. पुष्कळदा त्या भेदावर त्या प्राण्याचे घरातील स्थान अवलंबून असते. हौसेने आणलेली पिल्ले मारास बळी पडतात, साखळीला कायमची बांधली जातात किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घातली जातात, ती याच वयात.

कुत्र्याच्या वाढीचे टप्पे आता बरेच निश्चित झाले आहेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाची माणसाशी व इतर कुत्र्यांशी सोयरीक जुळते, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर चौथ्या ते सहाव्या-सातव्या महिन्यांत दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात येतात, आणि घरातील चपला व खुर्च्यांचे पाय यांवर त्याची नोंद होते. सहाव्या महिन्यापासून पुढे, लहान जातींत लवकर व मोठ्या जातींत उशिरा, प्राणी लैंगिकदृष्ट्या वयात येतो. देह वाढला तरी स्वभाव स्थिरावण्यास दीड-दोन वर्षे लागतात. या मधल्या काळात कुत्रा दोर ओढतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या घेतो, पूर्वी न भ्यालेल्या वस्तूंना भितो आणि मुख्य म्हणजे हाकेला येत नाही. पिल्लाचे वय संपलेले असते, परंतु घरातील माणसांची अपेक्षा मात्र पिल्लाच्या आज्ञाधारकपणावर बेतलेली असते.

हा हाकेला न येण्याचा प्रकार खरोखरच वयाचा आहे की पाळणाऱ्याच्या मनाचा, याची कसोटी लावणारे एक संशोधन लूसी अ‍ॅशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केले व ते २०२० साली प्रसिद्ध झाले. अंधांना वाट दाखविण्यासाठी वाढविली जाणारी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व त्यांच्या संकरातील पिल्ले त्यासाठी निवडण्यात आली होती. ही पिल्ले पुढील शिक्षणास जाण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या घरी वाढतात, त्यामुळे त्यांचे ‘घर’ व ‘घरचे माणूस’ निश्चित असते. अशा ६९ कुत्र्यांना पाचव्या व आठव्या महिन्यात ‘बस’ या अर्थाची आज्ञा देण्यात आली, एकदा घरच्या माणसाने आणि एकदा परक्याने. पाचव्या महिन्यात घरच्या माणसाचे ऐकणारी हीच पिल्ले आठव्या महिन्यात त्याच माणसाची आज्ञा वारंवार टाळू लागली. परक्याच्या बाबतीत मात्र उलट घडले. त्याची आज्ञा ती पूर्वीपेक्षा अधिक पाळू लागली. याशिवाय २८५ कुत्र्यांविषयी पाळणारे व शिक्षक यांच्याकडून प्रश्नावली भरून घेण्यात आल्या. पाळणाऱ्यांच्या मते आठव्या महिन्यात कुत्र्याची शिक्षणयोग्यता पाचव्या महिन्यापेक्षा घटली होती व बाराव्या महिन्यापर्यंत ती पुन्हा वाढली. कुत्र्याशी कमी परिचय असलेल्या शिक्षकांना त्याच काळात ती वाढलेली दिसली.

या निष्कर्षाचे महत्त्व भाषेच्या अभ्यासकाला चटकन जाणवावे. नोम चॉम्स्की यांनी १९६५ साली भाषेचे अंतर्गत ज्ञान आणि भाषेचा प्रत्यक्ष प्रयोग यांत जो भेद केला, तो माणसाच्या व्याकरणापुरता होता व तो कुत्र्याला जसाच्या तसा लावणे अतिव्याप्तीचे होईल. तरीही त्या भेदातील एक साधा विवेक येथे उपयोगी पडतो : प्रयोग चुकला म्हणजे ज्ञान नष्ट झाले असे नव्हे. आठ महिन्यांचा कुत्रा शब्द विसरला असता, तर तो परक्याच्या तोंडूनही विसरला असता. त्याचप्रमाणे त्याची श्रवणशक्ती, एकाग्रता किंवा बुद्धी सरसकट मंदावली असती, तरी परक्यासमोर त्याचे वर्तन सुधारण्याचे कारण नव्हते. बदल झाला तो शब्दाच्या अर्थात नव्हे, तर त्या शब्दामागे उभ्या असलेल्या माणसाशी असलेल्या नात्यात. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आज्ञा ही कृती मानली आहे, आणि तिची सिद्धी कोण, कोणाला, कोणत्या परिस्थितीत बोलतो यावर अवलंबून ठेवली आहे. वयात येणारा कुत्रा या मताचे एक अनपेक्षित उदाहरण पुरवितो, असे म्हणण्यास हरकत नाही.

नात्याचा हा मुद्दा संशोधकांनी अधिक पुढे नेला. एकटे राहिल्यावर अस्वस्थ होणारी, घरच्या माणसाच्या ओढीत असुरक्षितपणा दाखविणारी कुत्री व कुत्रे त्याच माणसाची अवज्ञाही अधिक करताना दिसले, आणि अशा ओढीच्या माद्या लवकर वयात आल्या. मूल व आई यांच्यातील जवळीक मोजण्याची जी पद्धत मानसशास्त्रात रूढ आहे, ती बुडापेस्ट येथील संशोधकांनी १९९८ साली ५१ कुत्रे व त्यांचे मालक यांना लावून पाहिली होती व तेथेही आईमुलासारखेच सादृश्य आढळले होते. तात्पर्य, आठव्या महिन्यातील ताणाताण ही तुटलेल्या नात्याची खूण नसून, असलेल्या नात्याची चाचपणी असण्याचा संभव अधिक. जो कुत्रा घरच्यांचेच ऐकत नाही, तो घरच्यांनाच आपले समजतो, हे मात्र फाटलेली उशी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसास पटविणे कठीण असते.

आता प्रश्न शब्दाचा. नाते हे एक कारण झाले, पण आज्ञेचे ध्वनिरूपही पुष्कळदा सदोष असते व त्या दोषाचा भुर्दंड याच वयात भरावा लागतो. बुडापेस्ट येथेच २०२० साली कुत्र्यांच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे लावून असे तपासण्यात आले की, ओळखीचा आज्ञाशब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतील फरक कुत्र्याच्या मेंदूत उमटतो, परंतु ओळखीच्या शब्दात एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द मेंदू वेगळा धरीत नाही. म्हणजे आपण ज्याला स्वनिम म्हणतो व ज्याच्या एका बदलाने माणसाचा अर्थ बदलतो, तो भेद कुत्र्याच्या लेखी फारसा नाही. मराठी घरातील आज्ञांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. ‘ये’ आणि ‘दे’ यांत एका व्यंजनाचाच फरक आहे, आणि दोन्ही शब्द इतके आखूड आहेत की रस्त्याच्या गोंगाटात स्वराखेरीज काही उरत नाही. ‘बस’ची गोष्ट तर आणखीच निराळी. आजी ‘बैस’ म्हणते, मुलगा ‘बस’ म्हणतो, पाहुण्याला ‘बसा’ म्हटले जाते, पानात वाढताना ‘बस, बस’ म्हणजे ‘पुरे’ असा अर्थ होतो, आणि मालक रागावला म्हणजे ‘बसतोस की नाही’ असे प्रश्नार्थक रूप अवतरते. माणसाला या सर्वांतून धातू व अर्थ वेगळे काढता येतात. कुत्र्याच्या कानी मात्र एकच अंधुक ध्वनिसमूह दिवसातून पन्नास वेळा पडतो, व त्यांपैकी पंचेचाळीस वेळा त्याचा कुत्र्याशी काही संबंध नसतो.

परंपरेने कुत्र्याशी बोलण्याचे जे शब्द मराठीत आहेत, ते या कसोटीस अधिक उतरतात हे लक्षणीय आहे. बोलावण्याचे ‘यू यू’, अंगावर सोडण्याचे ‘छू’, हाकलण्याचे ‘हाड’ : यांना विभक्ती नाही, पुरुष नाही, आदरार्थी रूप नाही. आजी व नातू ते एकाच प्रकारे उच्चारतात. प्रत्येकाचा सूर वेगळा व ठरलेला आहे. ‘यू यू’ आखूड व पुनरावृत्त, तर ‘हाड’ एकच, दीर्घ व खाली उतरणारा. (‘हाड’ हे अस्थिवाचक नामही आहे व त्या अर्थी कुत्र्याला ते अधिक प्रिय असावे, पण सूर वेगळा असल्याने घोटाळा होत नाही.) पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी १९९० साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : आखूड, चढत्या व पुनरावृत्त ध्वनींनी प्राण्याची हालचाल वाढते, लांब व उतरत्या एकेरी ध्वनीने ती मंदावते. आज शहरी मराठी घरांत कुत्र्याला ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ असे इंग्रजी शब्द शिकविण्याची प्रथा आहे. तिचे मूळ अनुकरणात असले, तरी घरच्या संभाषणात न मिसळणारे व रूप न बदलणारे शब्द म्हणून ती अजाणता सोयीची ठरते. तेच काम एखादा ठरवून राखून ठेवलेला मराठी शब्दही करू शकेल.

शब्दापेक्षा हातवारे कुत्र्याला अधिक विश्वसनीय वाटतात. इटलीतील प्रयोगांत शब्द एक व खूण दुसरी अशी परस्परविरोधी आज्ञा दिली असता कुत्र्यांनी बहुधा खुणेचा पक्ष घेतला. त्यामुळे पुढे वाकून, हात पसरून, रागावलेल्या चेहऱ्याने ‘ये’ म्हणणारा मालक वस्तुतः दोन आज्ञा देत असतो व कुत्रा त्यांपैकी दुसरी पाळून दूर पळतो. ही अवज्ञा नव्हे.

आज्ञेचे वजन कमी होण्याची सर्वांत मोठी वाट मात्र अर्थच्छटेच्या बदलाची आहे, आणि या वयाशी तिचा निकटचा संबंध आहे. पिल्लू असताना ‘ये’ म्हणजे खाऊ, मांडी, चुचकारणे. सहा महिन्यांनंतर कुत्र्याला मैदान, वास व इतर कुत्री यांची गोडी लागते, आणि आता ‘ये’ ही हाक बहुधा तेव्हाच ऐकू येते जेव्हा खेळ संपवून गळ्यात साखळी अडकवायची असते. शब्द तोच राहिला, त्याचा कुत्र्याने अनुभवलेला अर्थ ‘मोकळीक संपली’ असा झाला. शब्दार्थाच्या अपकर्षाची उदाहरणे भाषेच्या इतिहासात शतकांच्या अंतराने मिळतात, येथे ती दोन महिन्यांत मिळते. उपाय त्यातूनच निघतो. मोकळ्या जागी दहा-बारा मीटरचा हलका दोर लावावा, हाक एकदाच मारावी, कुत्रा आला म्हणजे त्याला आवडेल असे काही द्यावे आणि पुन्हा खेळावयास सोडावे. दहा हाकांपैकी नऊ हाकांचा शेवट मोकळिकीत झाला, तर दहावीचा साखळीत झालेला चालतो. ज्या प्रसंगी कुत्रा येणार नाही हे दिसतच आहे, त्या प्रसंगी हाक मारू नये. न ऐकलेली प्रत्येक हाक शब्द थोडा झिजवून जाते.

पुनरुक्तीचेही तेच. ‘बस’ चार वेळा म्हटल्यावर कुत्रा बसला, तर त्याच्या दृष्टीने आज्ञा ‘बस’ नसून ‘बस बस बस बस’ ही असते. उड्या मारणाऱ्या कुत्र्याला कधी ढकलणे, कधी ओरडणे व कधी कौतुकाने थोपटणे हेही तसेच घातक. अधूनमधून फळ मिळणारे वर्तन नेहमी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा चिवट असते, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली सविस्तर दाखविले आहे. घरातील सर्वांनी पाठ फिरवावी व चार पाय जमिनीवर असतानाच लक्ष द्यावे. प्रारंभी उड्या काही दिवस वाढतात, व नेमक्या त्याच वेळी कोणीतरी माघार घेतो.

माराविषयी पुरावा पुरेसा स्पष्ट आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये झालेल्या पाहणीत बक्षीस देऊन शिकविण्याचा संबंध आज्ञाधारकपणाशी, तर शिक्षेचा संबंध अधिक तक्रारींशी आढळला. २०२० साली पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात दंडात्मक पद्धतीने शिकविलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे व लाळेतील कॉर्टिसॉल यांचे प्रमाण जास्त होते. अ‍ॅशर यांचा निष्कर्ष यांच्या शेजारी ठेवला असता अडचण उघड होते : असुरक्षित ओढीतून अवज्ञा वाढते, आणि माराने असुरक्षितता वाढते. दरडावून मिळविलेली शांतता ही पुष्कळदा भीतीने थिजलेल्या प्राण्याची असते.

नसबंदी हा या अवस्थेवरील रामबाण उपाय समजला जातो, तोही पूर्णतः खरा नाही. भटकणे व लघवीने खुणा करणे यांत तिने फरक पडतो, पण हाकेला येणे हा शिक्षणाचा विषय आहे, आणि काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असे आढळले असल्याने वेळ पशुवैद्यानेच ठरवावी. पुरेशी झोप, नाकाला काम देणारी रपेट व चावण्यास योग्य वस्तू यांविषयी वेगळे सांगावयास नको.

रस्त्यावर वाढणाऱ्या कुत्र्यांतही हा काळ ताणाताणीचाच असतो. कोलकाता येथील संशोधकांनी केलेल्या निरीक्षणांत, पिल्ले वाढत जातात तसतशी आई त्यांच्याशी अन्न वाटून घेणे कमी करते व त्याच अन्नासाठी त्यांच्याशी झगडू लागते, असे दिसून आले आहे. तेथे आई पिल्लाला दूर सारते व पिल्लू स्वतंत्र होते. माणसाच्या घरी मात्र पिल्लू दूर जाऊ पाहते आणि सायंकाळी सात वाजता, मैदानाच्या कडेला साखळी हातात घेऊन उभा असलेला माणूस त्याला ‘ये’ म्हणत असतो.