कारखाना बंद, शिसं अंगणातच

लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्ननमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून शिसं काढणारा एक्साइड कंपनीचा कारखाना 2015 साली कायमचा बंद झाला. धूर थांबला, पण शिसं गेलं नाही. ते कुजत नाही, विरत नाही. कारखान्याभोवतीच्या सुमारे पावणेतीन किलोमीटरच्या त्रिज्येतली जवळपास 10,000 घरं आणि अंगणं तपासणीच्या कक्षेत आली. वस्ती बहुतांशी कष्टकरी लॅटिनो कुटुंबांची. असे कारखाने श्रीमंतांच्या शेजारी सहसा नसतातच.

धोका आता हवेपेक्षा मातीत आणि घरातल्या धुळीत जास्त. रांगतं मूल हात तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाचपट शोषून घेतं. लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. परिणाम मेंदूवर होतो: बुद्धी, एकाग्रता, वागणूक. बरेचदा लक्षण काहीच दिसत नाही, म्हणून रक्ततपासणीच हवी. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात. हाडांत साठलेलं शिसं गर्भारपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच ठाऊक नाही.

कोरड्या झाडूने धूळ नुसती उडते. ओल्या फडक्याने पुसावं, चपला दाराबाहेर ठेवाव्यात. खरा उपाय मात्र दूषित माती खणून काढण्याचाच, आणि तो सरकारी खर्चाचा, वर्षानुवर्षं चालणारा.