पाकिटांच्या रांगा आणि सामाईक कोठी

परदेशीं असलेल्या मुलाशीं घरबसल्या बोलावें, बोलतांना त्याचा चेहरा समोर पाहावा, ही गोष्ट आतां मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतहि नवलाची राहिलेली नाहीं. तथापि मुलाचें बोलणें तारेंतून सलग वाहत येतें अशी जी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाहीं. बोलण्याचे, चित्राचे, पत्राचे, बँकेच्या व्यवहाराचे लहान लहान तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठें जावयाचा तो पत्ता घातला जातो. आणि अशा तुकड्यास पॅकेट, साध्या भाषेंत पाकीट, असें म्हणतात. वाटेंत जागोजाग राऊटर आणि स्विच या नांवांचीं यंत्रें बसविलेलीं असतात. तीं पाकीट घेतात, पत्ता वाचतात आणि योग्य त्या वाटेनें पुढें सोडतात.

पुढची वाट मोकळी असेल तर प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु चार दिशांनीं आलेलीं पाकिटें एकाच वाटेनें जाऊं पाहतात तेव्हां त्यांना रांगेंत उभें करावें लागतें. आणि रांग म्हटली म्हणजे उभें राहण्यास जागा हवी. ही जागा म्हणजे यंत्राच्या मेमरींत, म्हणजे स्मृतिसंचयांत, राखून ठेवलेले खण. त्यांस बफर अशी संज्ञा आहे. हे खण सगळ्या रांगांचे मिळून सामाईक असावेत कीं रांगेगणिक वेगळे, कोणास किती द्यावेत, आणि रिकामे झालेले परत कसे घ्यावेत, हे प्रश्न दिसावयास घरगुती कोठीच्या कारभारासारखे आहेत. शेजारीं कोणी चित्रपट उतरवून घेत असतां इकडे डॉक्टरांशीं चाललेलें बोलणें तुटावें, याचें मूळ कित्येकदां तारेंत नसून याच कारभारांत असतें.

प्रथम खणांची आंतील व्यवस्था पाहावी. पाकिटें एका मापाचीं नसतात. कांहीं ४० बाइटांचीं, तर कांहीं १५०० बाइटांचीं. बाइट म्हणजे इंग्रजी एक अक्षर मावेल एवढी जागा. सर्वच खण मोठे केले तर लहान पाकिटांमागें जागा फुकट जाते, आणि सर्वच लहान केले तर मोठें पाकीट मावत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं १९८३ सालीं ४.२ बी. एस्. डी. ही संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. तींत एक खण १२८ बाइटांचा धरून त्यांतील ११२ बाइट मजकुरास दिले होते. उरलेल्या जागेंत पुढचा खण कोणता, मजकूर किती, अशी नोंद असे. पाकीट मोठें असलें कीं खणास खण जोडून साखळी करावयाची, अथवा १०२४ बाइटांची मोठी कोठडी वापरावयाची.

यांतली खरी काटकसर मात्र वेगळीच आहे. पाकीट एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे देतांना दर वेळीं त्याची नक्कल करीत बसणें म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून मजकूर जागचा हलत नाहीं. तो कोठें ठेवला आहे हें सांगणारी चिठ्ठी तेवढी या रांगेंतून त्या रांगेंत जाते. एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्याहि निघतात. उदाहरणार्थ, पाठविलेलें पाकीट हरवलें तर पुन्हां पाठवितां यावें म्हणून एक चिठ्ठी जवळ राखून ठेवतात. मग कोठडी मोकळी झाली असें केव्हां समजावें? त्यासाठीं बाहेर किती चिठ्ठ्या आहेत तो आंकडा कोठडीच्या नांवें लिहून ठेवतात. चिठ्ठी निघाली कीं एक मिळवावयाचा, परत आली कीं एक वजा करावयाचा. शून्य झालें कीं कोठडी पुन्हां कोठींत जमा. हिशेब पोरासोरांचा वाटतो, पण येथें चुकीला क्षमा नाहीं. वजा करावयाचें राहिलें तर ती कोठडी कायमची अडकते, आणि अशा अडकलेल्या कोठड्या सांचत जाऊन एके दिवशीं यंत्र गुदमरतें. एक अधिक वजा झाला तर त्याहून वाईट. एकाचा मजकूर आंत असतांनाच तीच कोठडी दुसऱ्यास दिली जाते, आणि एकाच्या पत्रांत भलत्याचाच मजकूर मिसळतो. पहिली चूक निदान लक्षांत तरी येते. दुसरी पुष्कळ दिवस लपून राहूं शकते.

जमाखर्च असा चोख असला तरी वांटपाचें तत्त्वच चुकलें तर काय होतें, याचा धडा या विद्येच्या बाल्यावस्थेंतच मिळाला. अमेरिकेंत १९६९ सालाच्या अखेरीस आर्पानेट नांवाचें जाळें चार ठाण्यांवर उभें राहिलें होतें: कॅलिफोर्निया विद्यापीठाचीं लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील केंद्रें, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि यूटा विद्यापीठ. प्रत्येक ठाण्यावर बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या कंपनीनें सिद्ध केलेलें एक यंत्र पाकिटांची ने-आण करी. त्याची सारी मेमरी सुमारें २४ हजार बाइट. यंत्राची आज्ञावली आणि खण, दोन्ही त्यांतच मावावयाचे.

एका संदेशाचीं जास्तींत जास्त आठ पाकिटें होत. शेवटच्या ठाण्यावर तीं सर्व गोळा करून, जुळवून, मगच संगणकाच्या स्वाधीन करावयाचीं असा नियम होता. आतां अशी कल्पना करावी कीं जुळणीचे खण २४ आहेत आणि सहा संदेशांचीं पाकिटें एकमेकांत मिसळून येत आहेत. प्रत्येकाचीं चार-चार पोंचलीं कीं चोवीसहि खण भरले. एकहि संदेश पुरा नाहीं, म्हणून एकहि खण मोकळा होत नाहीं. उरलेलीं पाकिटें अलीकडच्या ठाण्यावर खोळंबलेलीं. तेथील खण त्यांनीं अडविलेले. म्हणून त्यांच्या मागचींहि खोळंबलेलीं. ज्या पाकिटांच्या येण्यानें कोंडी फुटावयाची, तींच दाराबाहेर अडकलीं! रॉबर्ट कान यांनीं हा धोका आधींच ओळखला होता. सहकाऱ्यांस तो फारसा पटला नव्हता. १९७० च्या आरंभीं कान आणि डेव्हिड वॉल्डन हे लॉस एंजेलिसला गेले, आणि मुद्दाम तशी रहदारी सोडून त्यांनीं जाळें खरोखरच बंद पाडून दाखविलें. शंभर वादविवादांपेक्षां असें एक प्रात्यक्षिक अधिक बोलकें.

पुढें जो इलाज योजला तो कोणत्याहि सुज्ञ यजमानास सुचावा असा आहे: पंगतीस बोलावण्यापूर्वीं पानें मोजावीं. मोठा संदेश पाठविण्याआधीं पलीकडच्या ठाण्याकडे आठ खणांची मागणी करावयाची, आणि ते राखून ठेवल्याचें उत्तर आल्यावरच पाकिटें सोडावयाचीं. संदेश पोंचल्याच्या पावतीबरोबर पुढच्या आठ खणांची हमीहि येई. त्यामुळें सतत पाठविणाऱ्यास दर वेळीं विचारीत बसावें लागत नसे. एकाच पाकिटाचा लहान संदेश मात्र न विचारतां जाई. जागा नसल्यास तो टाकला जाई आणि जागा होतांच पुन्हां मागविला जाई.

इंटरनेटमध्यें ही आगाऊ राखण साधारणपणें करीत नाहींत. जागा नसेल तर राऊटरनें पाकीट टाकून द्यावें आणि गरज असेल तर पाठविणाऱ्यानें तें पुन्हां पाठवावें, असा तेथील व्यवहार आहे. यानें ती कोंडी टळली, पण अन्याय शिल्लक राहिला. समजा, एका स्विचला १६ वाटा आहेत आणि खण १६०० आहेत. सगळे सामाईक ठेवले तर एका तुंबलेल्या वाटेची रांग सोळाशेहि खण गिळूं शकते, आणि बाकीच्या पंधरा वाटा मोकळ्या असूनहि त्यांवरून जाणाऱ्या पाकिटास क्षणभर टेकावयासहि जागा मिळत नाहीं. उलट, भावाभावांत करावी तशी कायमची वांटणी करून प्रत्येक वाटेस १०० खण दिले, तर तंटा मिटतो. परंतु एखाद्या वाटेसाठीं १५० पाकिटें एकदम आलीं तर पन्नास टाकावीं लागतात, आणि शेजारीं शेंकडों खण रिकामे. १९७८ सालीं एम्. आय्. आयरलंड यांनीं मधला मार्ग दाखविला: एकूण खणांस वाटांच्या संख्येच्या वर्गमूळानें भागावें, आणि येईल तितकी मर्यादा प्रत्येक रांगेस घालावी. सोळाचें वर्गमूळ चार, म्हणून मर्यादा ४०० ची. फारूक कामून आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनीं १९८० सालीं, कांहीं खण हक्काचे आणि बाकीचे सामाईक, अशा मिश्र पद्धतींचेंहि गणित मांडलें.

खणच भरपूर वाढवावेत, म्हणजे वांटपाची चिंता नको, असें कोणी म्हणेल. पण सेकंदास १० लाख बिट वाहणाऱ्या वाटेपुढें १० लाख बाइटांची रांग लागली तर शेवटच्या पाकिटास आठ सेकंद तिष्ठावें लागतें, कारण एका बाइटाचे आठ बिट होतात. आठ सेकंद उशिरा आलेल्या शब्दाचा संभाषणांत काय उपयोग?

ठरीव मर्यादेंतहि एक उणीव आहे. एकच रांग जागी असली तरी ती तिला ४०० वर अडविते, आणि पांच-सहा रांगा एकदम जाग्या झाल्या तर पहिल्या चार रांगाच सारी कोठी संपवितात. बेल प्रयोगशाळेंतील अभिजित चौधुरी आणि एलेन हाने यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या युक्तीनें ही उणीव फार सुटसुटीतपणें दूर केली. रांगेची मर्यादा आधीं ठरवूंच नये. त्या क्षणीं कोठींत जितके खण रिकामे असतील तितकी ती समजावी. एकच रांग जागी असेल तर ती ८०० पर्यंत वाढते, कारण तेव्हां रिकामेहि ८०० च उरतात. तीन रांगा असतील तर प्रत्येकीस ४००, आणि रिकामे ४००. सात असतील तर प्रत्येकीस २००. हे थोडे खण नेहमीं रिकामे राहतात ती उधळपट्टी नव्हे. तीन रांगा भरलेल्या असतां चौथी जागी झाली, तर तिला या शिलकेंतून लगेच जागा मिळते. शिल्लक घटली कीं सर्वांचीच मर्यादा खालीं येते. आधींच्या तिघींना कोणी हुसकून लावीत नाहीं. फक्त त्यांत नवें पाकीट घेणें थांबतें, जुनीं पाकिटें आपल्या वाटेनें निघून जातात, आणि अखेर चौघींस ३२० प्रमाणें सारखा वांटा पडतो. कोठीवाल्यास कोणती रांग किती मोठी होणार याचें भाकीत करावें लागत नाहीं; रिकाम्या खणांचा एक आंकडा पाहिला कीं झालें.

मर्यादा शिलकेइतकीच असावी असाहि नियम नाहीं. ती शिलकेच्या चौपट ठेवली तर एकटी रांग १२८० खणांपर्यंत जाते. पावपट ठेवली तर ३२० वर थांबते. हा गुणक दोनच्या पटींत किंवा भागांत ठेवतात, कारण यंत्रास तेवढाच गुणाकार फुकटांत पडतो: द्विमान पद्धतींत आंकडे एक घर सरकविले कीं दुप्पट किंवा निम्मे होतात. रांगेगणिक गुणक वेगळाहि देतां येतो, आणि जाळ्याची व्यवस्था पाहणारा कारभारी बोलण्याच्या रांगेस कोणता द्यावयाचा व चित्रपटाच्या रांगेस कोणता, हें आपल्या वाटांवरील रहदारी पाहून ठरवितो.