आरोपपत्राची घाई, निकालाची नामुष्की

२१ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीच्या विशेष न्यायालयाने टू-जी खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष मुक्त केले, तेव्हा राजधानीत अपेक्षित गदारोळ झाला. घोटाळा झालाच नव्हता, असा दावा एका बाजूने केला. सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले होते, याचे स्मरण दुसरीने करून दिले. सीबीआयचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सुनावणीस घेतले. या वादात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. जो खटला हरण्याचा संभव आहे, तो सरकार पक्षाने दाखल करावा काय?

हवाला प्रकरण हा यातील जुना धडा. १९९६ मध्ये आरोपपत्रे दाखल झाली, केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले, लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचे सदस्यत्व सोडले. पुराव्याची सारी भिस्त जैन बंधूंच्या डायऱ्यांवर होती. स्वतंत्र पुराव्याची जोड नसलेल्या नोंदींवरून कोणालाही जबाबदार धरता येत नाही, हे १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तो पराभव आरोपपत्रातच दडलेला होता.

जेसिका लाल खून खटल्याची गोष्ट वेगळी. साक्षीदार उलटले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व आरोपी सुटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीस दोषी ठरवले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. बलाढ्य आरोपीपुढे साक्षीदार फुटण्याचा धोका नेहमीच असतो. तेवढ्यासाठी हात आखडता घेतला, तर कायदा दुबळ्यांपुरताच उरेल.

तेव्हा कसोटी पराभवाच्या भीतीची नव्हे, पुराव्याच्या ग्राह्यतेची असावी. न्यायालयात टिकेल असा पुरावा हाती असेल तर धोका पत्करलाच पाहिजे. नसेल तर आरोपपत्र हीच शिक्षा ठरते आणि खरा गुन्हेगारही निर्दोषत्वाचा दाखला घेऊन बाहेर पडतो.

ही पारख करायची कोणी? इंग्लंड व वेल्समध्ये १९८६ पासून क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस ही पोलिसांहून वेगळी यंत्रणा दोषसिद्धीची वास्तव शक्यता आणि सार्वजनिक हित पाहून खटला चालवायचा की नाही, हे ठरवते. भारतात आरोपपत्राचा निर्णय तपास अधिकाऱ्याचा. सरकारी वकील न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकतो. पोकळ आरोपपत्र दाखल होण्यापासून थोपवू मात्र शकत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने अभियोग संचालनालयाकडे काही पोलीस अहवालांची छाननी सोपवली; पण छाननी म्हणजे नकाराधिकार नव्हे.

हवालाच्याच निमित्ताने विनीत नारायण निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले होते, की आरोपी सुटलेल्या प्रत्येक खटल्याचा आढावा घेऊन कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी. त्या आदेशाची आठवण सत्तेवर असताना कोणत्याच पक्षाला होत नाही. आरोपपत्राचा मुहूर्त पुरावा ठरवतो की सत्ता, ही शंका त्यामुळेच प्रत्येक निकालानंतर नव्याने डोके वर काढते.