गाजर गवत पुढे कुठे पसरणार, हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

मागच्या पावसाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा तात्यांना मोबाईलवर एक नकाशा दाखवला. गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत, कुठे कुठे सापडलंय त्याचे ठिपके होते. तात्यांनी नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे तर सगळं डांबरी रोडच्या कडेनंच आहे. आपल्या बांधावर किती माजलंय बघ की!" खरंच, बांधावर कमरेइतकं गवत होतं आणि नकाशात तिथे एकही ठिपका नव्हता.

अंदाज बांधणारे प्रोग्राम नेमके इथेच फसतात.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या बाजूचं. आपल्याकडे ते १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं. आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. अंगाला लागलं की अनेकांना खाज सुटते, पुरळ येतं. त्यामुळे ते कुठे येणार हे आधी कळलं तर फार फरक पडतो. फुलावर यायच्या आत दहा झाडं उपटणं हे एका सकाळचं काम आहे. बी पडलं की मग वर्षानुवर्षं निस्तरत बसा!

आता कॉम्प्युटर काय करतो? मॅक्सएंट नावाचा एक फुकट प्रोग्राम यासाठी जगभर वापरतात. त्याला दोन गोष्टी द्यायच्या. एक, गवत जिथे सापडलं त्या जागांचं लोकेशन. दुसरी, त्या सगळ्या प्रदेशाचं तापमान, पाऊस, माती वगैरे. मग तो गवताच्या जागांची तुलना त्या प्रदेशातल्या इतर, कुठल्याही उचललेल्या जागांशी करतो. गवताच्या जागी काय वेगळं आहे ते शोधतो आणि तशाच बाकीच्या जागा नकाशावर रंगवतो. लाल म्हणजे गवताला मानवणारी जागा.

पण लोकेशन येतात कुठून? बऱ्याचदा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या फोटोंमधून. आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाकला आणि इतरांनी ओळख पक्की केली, की ती नोंद सहसा जीबिफ या जागतिक डेटाबेसमध्ये जाते. आणि आपण फोटो कुठे काढतो? गाडी थांबते तिथे. मग प्रोग्रामला वाटतं, या गवताला रस्ताच आवडतो! तसं ते थोडं खरंही आहे, कारण बी वाहनांना चिकटून जातं. पण गवताची आवड किती आणि फोटो काढणाऱ्याची सोय किती, हे त्याला वेगळं करता येत नाही.

यावर एक भारी युक्ती आहे. तुलनेच्या जागा कुठूनही न उचलता, जिथे लोकांनी इतर झाडांचे फोटो काढलेत तिथून उचलायच्या. मग रस्त्याचा कल दोन्हीकडे सारखा येतो आणि बराचसा कटतो. म्हणून गाजर गवत नसेल तिथल्या टाकळ्याचा किंवा आघाड्याचा फोटोसुद्धा कामाचा असतो.

अजून एक गोष्ट. लाल रंग म्हणजे गवत तिथे येणारच असं नाही. जागा मानवली तरी बी पोचायला हवं ना. ते मुरमाच्या ट्रॉलीतून येतं, नीट न कुजलेल्या शेणखतातून येतं, पाटाच्या पाण्यातून येतं. नुसत्या हवामानावर काढलेल्या नकाशाला यातलं काही दिसत नाही. तात्यांना दिसतं. वरच्या वस्तीवर आधी मुरूम पडला आणि पुढच्याच पावसाळ्यात गवत आलं, हे त्यांना पक्कं आठवतं. माझ्या मते अशा आठवणी नकाशाच्या शेजारी ठेवूनच तो वाचायला हवा.

फोटो काढताना पान आणि पांढरं फूल दोन्ही येऊ द्या, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. उपटायचं असेल तर हातमोजे घाला, आणि फुलावर यायच्या आतच.

मी त्या दिवशी बांधावरून, ओढ्यावरून आणि वस्तीजवळून बारा फोटो टाकले. तात्या मागे उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "झालं तुझं? आता उपटायला कॉम्प्युटर येणार आहे, का तू लागतोस?"